साठा आणि वेग

पावसाळा लागला, की अहिल्यानगर जिल्ह्यात धरणांच्या बातम्या मोठ्या उत्सुकतेने वाचल्या जातात. त्या बातम्यांत दोन प्रकारचे आकडे असतात. भंडारदरा धरणात सुमारे ११ टीएमसी आणि मुळा धरणात सुमारे २६ टीएमसी, म्हणजे इतके अब्ज घनफूट पाणी मावते. हा झाला साठा. कालव्यातून दर सेकंदाला किती घनफूट पाणी सुटते, ते क्युसेकमध्ये सांगतात. हा झाला विसर्ग. साठा मोठा असला, तरी दार लहान असेल, तर पाणी बेताबेतानेच बाहेर येणार.

लॅपटॉपचेही असेच आहे. ‘२५६ जीबी’, ‘५१२ जीबी’ हे आकडे साठ्याचे होत. माहिती किती वेगाने आत जाते व बाहेर येते, हे त्यांवरून कळत नाही. कांद्याचे किंवा उसाचे पैसे हाती आले, की एखाद्या घरात पहिला लॅपटॉप येतो आणि तो पुढे कित्येक वर्षे पुरवायचा असतो. म्हणून दुसरा आकडाही विचारलेला बरा.

जुन्या लॅपटॉपांत हार्ड डिस्क असे. तिच्यातील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेई आणि एक बारीक दांडी तिच्यावरून सरकत हवी ती माहिती शोधी. नव्या लॅपटॉपांत सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, असते. हिच्यात फिरणारे काहीच नाही. सिलिकॉनच्या चिपेत अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात व त्यांत विद्युत्कण कोंडलेले असतात. वीज गेली, तरी ते जागचे हलत नाहीत. फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्याने १९८० नंतरच्या दशकात तोशिबा कंपनीत या फ्लॅश स्मृतीचा शोध लावला.

हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी माहिती वाचते. साटा जोडणीची एसएसडी ५५० एमबीच्या आसपास जाते आणि एनव्हीएमई पद्धतीच्या कित्येक एसएसडी ३,५०० एमबीपर्यंत पोचतात. चार जीबीचा चित्रपट वाचायला पहिलीला ४० सेकंद लागतील, दुसरीला सात-आठ, तर तिसरीला सव्वा सेकंदही पुरे.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. २०२० मध्ये ॲपल कंपनीने एम१ मॅकबुक विक्रीस आणले. त्यांतील २५६ जीबीचा साठा १२८ जीबीच्या दोन चिपांत विभागलेला होता. २०२२ च्या एम२ मॅकबुकमध्ये तेवढाच साठा एकाच चिपेत बसवला. तपासणाऱ्यांनी वेग मोजला, तेव्हा जुन्या यंत्राचा वाचनवेग सेकंदाला सुमारे २,९०० एमबी आणि नव्याचा सुमारे १,४५० एमबी भरला! कारण उघड आहे. एसएसडीतील नियंत्रक एकाच वेळी अनेक चिपांशी देवघेव करतो. दोन चिपा म्हणजे जणू दोन कालवे. ५१२ जीबीच्या एम२ यंत्रात चिपा दोन असल्यामुळे त्याचा वेग घटला नाही. पुढे २०२४ च्या एम३ मॅकबुक एअरमध्ये २५६ जीबीसाठीही पुन्हा दोन चिपा आल्या.

तरी याचा फार बाऊ करू नये, असे वाटते. निबंध लिहिताना हा फरक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. मोठी चित्रफीत जोडताना मात्र तो जाणवतो. कामाची स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी पडली, की यंत्र एसएसडीचाच आधार घेते. तेव्हाही तो जाणवतो. मॅकबुकमधील साठवण पक्की जोडलेली असते, ती मागाहून सहज बदलता येत नाही. म्हणून निवड आधीच करावी लागते. याउलट हार्ड डिस्कवर रखडणाऱ्या जुन्या संगणकात साधी एसएसडी बसवली, तरी तो चटकन सुरू होऊ लागतो.

एसएसडीच्या जाहिरातीत ‘सेकंदाला ७,००० एमबीपर्यंत’ असे लिहिलेले आढळते. त्यातील ‘पर्यंत’ या शब्दाकडे अवश्य पाहावे. सॅमसंगच्या ९८० प्रो या एकाच मालिकेत २५० जीबीच्या एसएसडीचा लेखनवेग कंपनीनेच २,७०० एमबी दिला आहे, तर ५०० जीबीच्या एसएसडीचा ५,०००.