अपुऱ्या विम्याची भरपाई

मोटार अपघातात दोष दुसऱ्याचा असला, तरी त्याच्या विम्यातून आपली सारी हानी भरून निघेलच असे नाही. अमेरिकेत विम्याची किमान मर्यादा राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात एका जखमी व्यक्तीमागे ती अनेक दशके १५,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती ३०,००० डॉलर झाली. शस्त्रक्रिया, रुग्णालयातील वास्तव्य व बुडालेली मिळकत यांपुढे एवढी रक्कम तोकडीच पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी मोटारमालकाला स्वतःच्याच विमापत्रात अपुरा विमा असलेल्या चालकापासूनचे संरक्षण घेता येते.

समजा, जखमीची हानी २,००,००० डॉलरची आहे. दोषी चालकाच्या विम्याची मर्यादा ३०,००० आणि जखमीने घेतलेल्या या संरक्षणाची मर्यादा १,००,००० डॉलर आहे. कॅलिफोर्नियात जखमीला प्रथम दोषी चालकाच्या विम्याची पूर्ण रक्कम मिळवावी लागते. नंतर ती वजा करून त्याची स्वतःची विमा कंपनी ७०,००० डॉलर देते. एकूण प्राप्ती १,००,००० डॉलरच होते. काही राज्यांत मात्र अशी वजावट होत नाही. तेथे तीच प्राप्ती १,३०,००० डॉलर होते.

तेव्हा विमापत्रावरील आकडा म्हणजे हाती येणारी रक्कम नव्हे. कॅलिफोर्नियात दोन्ही मर्यादा सारख्या असतील, तर या संरक्षणातून काहीच मिळत नाही. किमान मर्यादेवर समाधान मानणाऱ्यास हे बहुधा अपघातानंतरच उमगते.