दुकानाचा विमा : हप्त्यापलीकडील तपशील

दोन विमापत्रांची तुलना करताना लहान व्यापारी बहुधा हप्त्याच्या रकमेवरच दृष्टी ठेवतो. परंतु वास्तविक 20 लाख रुपये किमतीचा माल, हप्ता वाचविण्याच्या हेतूने, 10 लाखांनाच उतरविला असेल, तर 4 लाखांची हानी झाल्यास सरासरीच्या कलमान्वये, म्हणजे खऱ्या किमतीशी विमा-रकमेचे जे प्रमाण त्याच प्रमाणात भरपाई देण्याच्या नियमाने, पदरात केवळ 2 लाख पडतात, ही गोष्ट दावा दाखल होईपर्यंत त्याच्या ध्यानी येत नाही, आणि हे अत्यंत क्लेशकारक आहे. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाच्या आदेशाने प्रचारात आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित विमापत्रात, एका ठिकाणच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी, विमा-रकमेतील अशी तूट 15 टक्क्यांपर्यंत असल्यास माफ होते. आग, भूकंप व पूर यांचा त्यात अंतर्भाव आहे. जुलै 2021 मध्ये चिपळूणची बाजारपेठ जलमय झालेली ज्यांनी पाहिली, त्यांना पुराविषयी अधिक सांगणे नलगे. घरफोडीसाठी मात्र निराळे विमापत्र घ्यावे लागते. दिवाळीपूर्वी साठा वाढत असेल, तर त्या उच्चतम साठ्याच्या हिशेबाने रक्कम ठरवावी, आणि साठावही व खरेदीच्या पावत्यांच्या नकला दुकानाबाहेर ठेवाव्यात, कारण नुकसानीची शहानिशा करणारा सर्वेक्षक तेच दफ्तर मागतो.