बाळाचा पत्ता बदलला, डोस हुकला

१३ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायली लष्कराने गाझा शहरासह उत्तरेकडील सुमारे ११ लाख लोकांना २४ तासांत दक्षिणेकडे जाण्यास सांगितले. अत्यवस्थ रुग्णांना हलवणे म्हणजे मृत्युदंडच, असे जागतिक आरोग्य संघटनेने बजावले.

पुढे तंबूंची दाटी झाली, सांडपाणी दाराशी आले. सतत पत्ता बदलणाऱ्या बाळाला पुढचा डोस कुठे द्यायचा? युद्धापूर्वी तिथले पोलिओ लसीकरण ९९ टक्के होते! जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात विषाणू सापडला. ऑगस्टमध्ये, एकही डोस न मिळालेल्या दहा महिन्यांच्या बाळाचा पाय पोलिओनेच लुळा पडल्याचे स्पष्ट झाले. २५ वर्षांतला गाझातील हा पहिलाच रुग्ण. सप्टेंबरमध्ये रोज काही तास लढाई थांबवून साडेपाच लाखांहून अधिक मुलांना थेंब पाजले गेले. दुसऱ्या फेरीत मात्र उत्तरेतील हजारो मुलांपर्यंत पोचता आले नाही.