मोकळी जागा आणि यंत्राची हजेरी

वेतनचिठ्ठ्या, नेमणुकीची पत्रे, सभासदांच्या याद्या हे सारे आता युनियनच्या कचेरीतही संगणकातच ठेवले जाते. वीस वर्षांच्या नोकरीचा पुरावा एका फाइलीत असतो. ती यादीतून गळली तर वादाच्या वेळी कामगाराचा हात रिकामा राहतो. म्हणून एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीचा, म्हणजे फाइलीच्या नावातील मोकळ्या जागेचा, विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

माणसाला मोकळी जागा ही केवळ सोय आहे. मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढीत आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जात. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे. वाचणारा जाणता असला म्हणजे ते निभावते. यंत्र जाणते नसते. त्याला नियम लागतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्यात आज्ञा वाचणाऱ्या कारकुनास शेल म्हणतात. मोकळी जागा, टॅब किंवा नवी ओळ आली की शब्द संपला, हा शेलचा नियम. उलट फाइलीच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य-बाइट एवढी दोनच चिन्हे वर्ज्य. मोकळी जागा चालते. जुन्या डॉसमध्ये आठ अक्षरांचे नाव व तीन अक्षरांचे शेपूट एवढीच मुभा होती. विंडोज ९५ पासून लांब नावे सर्वत्र रूढ झाली आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ हे मोकळ्या जागेचे नाव घरोघर पोहोचले. तंटा येथेच आहे: नाव ठेवताना जे चालते, ते आज्ञा वाचताना दुभंगते.

समजा, एका फाइलीचे नाव ‘वेतन जून २०१९’ आहे. एलएस या आज्ञेने यादी मागवून ती फॉरच्या फेऱ्यात घातली, तर शेल ‘वेतन’, ‘जून’ आणि ‘२०१९’ अशा तीन फाइली शोधू लागतो. हजेरीपटावर कामगाराचे नाव, बापाचे नाव व आडनाव ही तीन माणसे मोजावी आणि तिघांनाही गैरहजर लावावे, तसलाच हा प्रकार!

पुसण्याची आज्ञा असली म्हणजे तर अनर्थच. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने मॅकसाठी आयट्यून्स २.० दिले. ते बसविणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जुनी प्रत पुसण्याची ओळ होती, पण डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हे नव्हती. ‘डिस्क’ आणि ‘डिस्क २’ अशी दोन नावे असली, तर दुसरीसाठी दिलेली आज्ञा पहिल्याच शब्दाशी तुटे आणि ‘डिस्क’ सबंध पुसली जाई. कंपनीने लगोलग २.०.१ काढली, पण पुसले ते पुसले.

उपाय अवघड नाहीत. पहिला, एलएसची यादी फेऱ्यात घालू नये. तारकाचिन्ह देऊन शेलकडूनच नावे मागावीत, म्हणजे प्रत्येक नाव अखंड हाती येते. दुसरा, ते नाव ज्या चलात ठेवले असेल, तो चल जेथे जेथे वापरावा तेथे तेथे त्यास दुहेरी अवतरणचिन्हे घालावीत. एक जागा सुटली की नाव पुन्हा फुटते. तिसरा, तारकेपूर्वी टिंब व तिरकी रेघ द्यावी, म्हणजे आडव्या रेघेने सुरू होणारे नाव सूचना समजले जात नाही. चौथा, खणात खण असतील तर फाइंड ही आज्ञा वापरून नावांमध्ये शून्य-बाइट घालण्यास सांगावे व एक्सआर्ग्सलाही तसेच बजावावे. नावात शून्य-बाइट येऊच शकत नाही, म्हणून हे कुंपण पक्के. २०२४ च्या पॉसिक्स मानकात ही सोय आली आहे.

कोणी म्हणेल, नावांतल्या मोकळ्या जागाच काढून टाका. स्वतःच्या फाइलींपुरते ते ठीक. पण कामगाराने आणून दिलेला कागद त्याने दिलेल्या नावानेच मिळाला पाहिजे. यंत्राच्या सोयीसाठी माणसाने नाव बदलावे हे आम्हांस पटत नाही. सुधारावयाची ती स्क्रिप्ट. आणि पुसण्यापूर्वी नावे नुसती छापून पाहावीत, खणातील संख्या व हाताळलेली संख्या ताडून घ्यावी. हजेरी जुळली, तरच पुढचे पाऊल टाकावे.