भयपट दोनदा बघा!

परवा भाचा 'तुंबाड' बघून म्हणाला, "मामा, तो राक्षस हस्तर फार वेळ दिसतही नाही, तरी घाबरलो!"

हीच तर खरी गंमत!

राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा सिनेमा २०१८चा. पावसासाठी अनेक पावसाळे चित्रीकरण चाललं. म्हणूनच त्यातला ओला वाडा, तो करडा उजेड अंगावर येतो. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली.

भयपटाचं परीक्षण लिहायचं तर मी तो आधी नुसता बघतो. दुसऱ्यांदा वही घेऊन बसतो: भीती मोठ्या आवाजाने आली, की वातावरणातून?

दचकणं विसरतो आपण. कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरणारा 'तुंबाड'चा नायक विनायक मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुम्हाला कोणता भयपट असा आठवतो? परीक्षणाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.