खाशाबांचे क्रीडागृह आणि प्राचार्यांचे गहाणखत

दिल्लीत स्थायिक झालेल्या आमच्या वाचकांपैकी अनेकांचे इंदिरा गांधी क्रीडा संकुलावरून जाणे-येणे होत असेल. त्या संकुलात कुस्तीसाठी बांधलेल्या क्रीडागृहाला ‘के. डी. जाधव’ असे नाव आहे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना या इंग्रजी आद्याक्षरांमागे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव उभे आहेत, हे कोणी सांगितल्यावाचून कळणार नाही. म्हणून ती हकीकत येथे देत आहोत.

१५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा हे पाच भावांत धाकटे. वडील स्वतः मल्ल असल्याने आखाड्याची माती मुलाच्या अंगाला लवकर लागली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्याने त्या नगरीत मल्लविद्येला मानाचे स्थान होते. तथापि खाशाबांची चण लहान. वार्षिक क्रीडास्पर्धेत भाग घेण्यास क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले व परवानगी घेऊन आले, असे सांगतात.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत मोठे अंतर आहे. मातीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करीपर्यंत झुंज चालू शकते; गादीवर वेळेचे बंधन असते आणि गुणांवरही निकाल लागतो. या नव्या पद्धतीतही खाशाबांनी सहावा क्रमांक मिळविला व पुढच्या ऑलिम्पिकचा ध्यास घेतला.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांची निवड झाली; परंतु प्रवासखर्चाची तरतूद त्यांची त्यांनाच करावयाची होती. सरकारकडून अपेक्षित साहाय्य वेळेवर मिळाले नाही. गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी जमविली, तरी रक्कम पुरेना. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपला विद्यार्थी पदक घेऊन येईल, याची हमी त्यांना कोण देणार होते? घर मात्र खरोखरीच गहाण पडले होते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानच्या शोहाची इशीई यांच्याशी त्यांची प्रदीर्घ झुंज झाली व तीत ते पराभूत झाले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. नियमावर बोट ठेवून त्यांची बाजू मांडण्यास भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या खाशाबांच्या पदरी कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडले. लिअँडर पेस यांनी ते टेनिसमध्ये मिळविले. महाराष्ट्राला तर तब्बल ७२ वर्षे वाट पाहावी लागली. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक पटकाविले.

परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांनिशी खाशाबांची मिरवणूक निघाली. पण या सोहळ्यानंतर त्यांनी जे केले, ते आम्हांला पदकाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. गुरूने विश्वास टाकला, शिष्याने तो पै-पैशाने फेडला.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढची वर्षे नोकरीत गेली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार लाभला तो मृत्यूनंतर. दिल्लीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव मिळाले ते २०१० साली, राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने. त्या स्पर्धेत भारतीय मल्लांनी कुस्तीत १० सुवर्णपदके मिळविली. महाराष्ट्रात आता त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. असे असूनही २०१७ साली गोळेश्वरच्या नियोजित कुस्ती अकादमीसाठी ते ऐतिहासिक पदक लिलावात काढण्याचा विचार त्यांच्या कुटुंबीयांना बोलून दाखवावा लागला. नाव देणे त्या मानाने सोपे असते. ज्या विद्येसाठी ते नाव गाजले तिच्यासाठी पैसा उभा करणे अवघड, हेच यातून दिसते.

आपल्या महाराष्ट्राबाहेरच्या कुटुंबांना या हकीकतीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या उगमाजवळच्या दाट रानात दिग्गी हे गाव वसले आहे. शेजारचा हल्याळ तालुका कुस्तीसाठी नावाजलेला; तेथे मल्लांसाठी क्रीडा वसतिगृहही आहे. उद्या दिग्गीसारख्या आडवळणाच्या गावातून एखादी चपळ पोर किंवा पोरगा आखाड्यात उतरला, तर प्रवासाचे भाडे, दूध-बदामाचा खुराक आणि शाळेची फी या तीन गोष्टींवाचून त्याचे अडेल. मैदानाच्या फाटकावर त्याचे नाव लावण्याची वेळ आली तर ती फार पुढे येईल.

आपली मंडळे गणेशोत्सवाला वर्गणी जमवितात, सभागृहांना देणगीदारांची नावे देतात. ते योग्यच आहे. त्याच वर्गणीतून दरवर्षी एका खेळाडू विद्यार्थ्याचा खर्च उचलण्याचा ठराव एखाद्या मंडळाने केला, तर प्राचार्य खर्डेकरांचे ऋण अंशतः तरी आपल्याकडून फिटेल. त्यासाठी आता कोणाला घर गहाण ठेवावे लागणार नाही.