कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग आणि शरणपूरची आफ्रिकी मुले

त्र्यंबकेश्वरास जाणारा यात्रेकरू नाशिक शहर मागे टाकून पश्चिमेची वाट धरतो, तेव्हा शरणपूर ही वस्ती त्याच्या वाटेपासून फार दूर नसते. त्याचे चित्त ब्रह्मगिरीकडे आणि गोदावरीच्या उगमाकडे लागलेले असल्यामुळे तिकडे त्याचे लक्ष जाण्याचे कारण नाही. परंतु या लहानशा वस्तीच्या इतिहासात ऱ्हाइनलँडमधील एक पत्रेकाम करणारा कारागीर, इथिओपियाचे राजदरबार आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवून आणलेली मुले यांची गाठ पडलेली आहे. त्या कारागिराचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग याचा जन्म ५ सप्टेंबर १८०६ रोजी बार्मेन या गावी झाला. हे गाव वुप्पर नदीच्या खोऱ्यात असून आज ते वुप्पर्टाल शहराचा भाग आहे. सूत, रंगकाम आणि फिती विणण्याचे धंदे यांवर तेथील लोकांचा निर्वाह चाले. त्याचबरोबर धर्मनिष्ठेसाठीही त्या खोऱ्याची ख्याती होती. (फ्रीडरिख एंगल्स याच गावी १८२० मध्ये जन्मला, हे येथे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. एकाच मातीत किती भिन्न पिके येतात!) इझेनबर्गास लहानपणी पत्र्याच्या कामाच्या धंद्यात घातले होते. परंतु त्याचा ओढा धर्मप्रसाराकडे होता. विशीच्या सुमारास तो हातोडा आणि कातर बाजूला ठेवून बाझल येथील मिशनच्या विद्यालयात दाखल झाला.

बाझल मिशनची स्थापना १८१५ ची. तिचे विद्यार्थी बहुतांशी कारागिरांची व शेतकऱ्यांची मुले असत. हाताने केलेले प्रामाणिक काम हेही ईश्वरसेवेचेच एक अंग होय, ही तेथील श्रद्धा होती आणि तिचे फळ आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. कोकणात व देशावर ज्यांस आपण ‘मंगळुरी कौले’ म्हणतो, त्या कौलांचा बाझल मिशनचा कारखाना १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू झाला. कौले भाजणारा आणि उपदेश करणारा असे दोन वेगळे वर्ग या मंडळींच्या कल्पनेत नव्हते. इझेनबर्गाचे पुढील आयुष्य समजून घ्यावयाचे तर ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटीस त्या काळी इंग्रज माणसे पुरेशी मिळत नसत. त्यामुळे ती बाझलहून तयार झालेली जर्मन माणसे घेई. इझेनबर्ग याच मार्गाने इंग्लंडच्या चर्चचा दीक्षित पाद्री झाला आणि सॅम्युएल गोबाट याच्यासह इथिओपियात गेला. १८३५ पासून अडवा येथे त्याने काम केले. तेथील ख्रिस्ती धर्मगुरूंचा विरोध वाढत गेला व १८३८ मध्ये त्यास देश सोडावा लागला. पुढील वर्षी योहान लुडविग क्राप्फ याच्याबरोबर तो शोआच्या राज्यात गेला, पण तेथेही फार काळ राहिला नाही. लंडनला परतल्यावर मात्र त्याच्या हातून टिकाऊ कार्य झाले. १८४० मध्ये दनकाली भाषेचा लहान शब्दसंग्रह, १८४१ मध्ये अम्हारिक भाषेचा कोश आणि १८४२ मध्ये तिचे व्याकरण अशी त्याची पुस्तके एकामागून एक छापली गेली. इथिओपियात पुन्हा प्रवेश करण्याचा त्याचा प्रयत्न फसला. तेव्हा सोसायटीने त्यास मुंबईस पाठविले. तो सुमारे १८४४ मध्ये येथे आला आणि पुढील वीस वर्षे पश्चिम हिंदुस्थान हेच त्याचे कार्यक्षेत्र राहिले. मराठी शिकून त्याने मराठी प्रार्थनापुस्तकाच्या कामातही हात घातला.

आफ्रिकेस मुकलेल्या या माणसाकडे मुंबईत आफ्रिकाच चालून आली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडी आणि त्यांतून सोडविलेले लोक मुंबईस उतरवी. मोठी माणसे कोठे तरी चाकरीस लागत. मुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरे. आफ्रिकेत राहून आलेला आणि तेथील भाषा अभ्यासलेला इझेनबर्ग हा त्यांची जबाबदारी घेण्यास सर्वांत योग्य होता, आणि त्याने ती घेतली. तिकडे नाशिकजवळ विल्यम सॉल्टर प्राइस याने १८५४ मध्ये शरणपूर वसविले होते. ‘शरण आलेल्यांचे गाव’ असा त्या नावाचा सरळ अर्थ. तेथे अनाथ मुलांस अक्षरांबरोबर सुतारकाम व लोहारकामही शिकवीत. १८६० च्या सुमारास मुंबईची आफ्रिकी मुले येथे आणण्यात आली. शरणपूरच्या संस्थापकत्वाचा मान प्राइसचा, हे निर्विवाद आहे. तथापि ज्या मुलांमुळे शरणपूरचे नाव जगात गेले, ती प्रथम एका माजी पत्रेकामगाराच्या छायेत वाढली, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

या कार्याचे मूल्यमापन करताना सावधगिरी हवी. मुलांचे प्राण वाचले, हाती कसब आले, हे खरे. परंतु त्यांची मूळ नावे गेली, घरची भाषा गेली, धर्म कोणता स्वीकारावयाचा हे त्यांस कोणी विचारले नाही. बेडी तुटली तरी आपला मार्ग निवडण्याची मोकळीक त्यांस मिळाली, असे म्हणणे धाडसाचे होईल. लिव्हिंग्स्टनने १८६६ च्या आपल्या अखेरच्या प्रवासासाठी येथील नऊ तरुण नेले, तेही याच व्यवस्थेचे अंग होते. पुढे १८७२ मध्ये स्टॅन्लीने पाठविलेल्या तुकडीतून जेकब वेनराइट हा शरणपूरचा विद्यार्थी त्यास जाऊन मिळाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे हृदय जेथे पुरले, तेथील झाडावर वेनराइटने लेख कोरला व अंत्यविधीची प्रार्थना वाचली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांतही तो होता. त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

इझेनबर्ग १८६४ मध्ये प्रकृती खालावल्यामुळे स्वदेशी परतला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला स्टुटगार्ट येथे मरण पावला. त्याचा मुलगा चार्ल्स हाही सिंधमध्ये मिशनरी होता. चार्ल्सची पत्नी मारी ही मलयाळम कोशकार हेर्मान गुंडर्ट याची कन्या. पती १८७० मध्ये वारल्यावर तिने योहानेस हेसे याच्याशी विवाह केला, आणि ‘सिद्धार्थ’ लिहिणारा हेर्मान हेसे हा तिचा या दुसऱ्या विवाहापासून झालेला पुत्र. म्हणजे इझेनबर्गाचे नातू हे हेसेचे सावत्र भाऊ होत.

ज्या वर्षी इझेनबर्ग वारला, त्याच १८६४ मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे मुंबईकडे वाढलेले दोन आफ्रिकी तरुण मोम्बासाजवळील रबाई येथे पाठविले गेले. १८७५ मध्ये प्राइसने मोम्बासास फ्रेअरटाउन वसविले, तेव्हा शरणपूरचे कारागीर व शिक्षकच त्या वसाहतीचा कणा झाले. तेथे त्यांस ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. हिंदुस्थानात ते आफ्रिकी होते, आफ्रिकेत मुंबईकर ठरले. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने जोन्स व सेम्लर यांस धर्मदीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टनचा वध झाला, आणि मागे राहिलेल्या काफिल्यास किनाऱ्यापर्यंत सुखरूप परत आणले ते जोन्सने.